जुन्या पिंपापासून मासळीला धुरी देण्याची भट्टी

कोकणच्या किनाऱ्यावर एखाद्या दिवशी बांगडा किंवा तारली एकदम विपुल सापडली, की बाजारभाव कोसळतो. बर्फ अपुरा पडतो आणि संध्याकाळपर्यंत न विकलेल्या मालाचे काय करावे, हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी मासळी उन्हात वाळत घालणे किंवा मिठात घालणे हे दोन मार्ग पूर्वापार चालत आलेले आहेत. परंतु हवा ढगाळ असेल तर वाळत घातलेल्या मासळीवर माश्या बसतात व अळ्या पडतात. शिवाय बांगडा व तारली या तेलकट जाती असल्याने उन्हात त्यांचे तेल खवट होते. अशा मासळीसाठी तिसरा मार्ग धुरी देण्याचा आहे.

हा मार्ग नवा नाही. लक्षद्वीपमध्ये कुप्पा मासा शिजवून, धुरी देऊन व उन्हात वाळवून ‘मासमीन’ तयार करतात. मणिपूर, नागालँड या राज्यांतही घरोघर चुलीच्या धुरावर मासे टिकविले जातात. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तेलाच्या रिकाम्या पिंपातच धुरीच्या भट्ट्या करण्याची रीत आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात तर प्रोपेन वायूच्या जुन्या टाक्या कापून त्यांत मांसाला धुरी देतात. कोकणातील बचत गटास किंवा मच्छीमार कुटुंबास २०० लिटरच्या जुन्या लोखंडी पिंपातून अशी भट्टी करता येईल. ती बांधण्याचे काम कठीण नाही. कठीण काम आहे ते योग्य पिंप निवडण्याचे, आणि चूक झाल्यास जिवावर बेतते ती तेथेच. म्हणून या लेखात प्रथम पिंपाचा विचार केला आहे.

गॅसचे सिलिंडर कापू नये

भंगारात पडलेले स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर जाड पत्र्याचे व मजबूत असल्याने त्याची भट्टी करण्याचा मोह होतो. तो टाळावा. घरगुती सिलिंडर ग्राहकाच्या मालकीचे नसते. ग्राहक केवळ अनामत रक्कम भरतो, सिलिंडर तेल कंपनीचेच राहते. बाद झालेली सिलिंडरेही नियमाप्रमाणे नष्ट करावयाची असतात. तेव्हा असे सिलिंडर विकत घेणे किंवा कापणे योग्य नाही.

दुसरे कारण याहून गंभीर आहे. शेगडी पेटत नाही म्हणजे सिलिंडर रिकामे झाले, असे नव्हे. आत वायू शिल्लक राहतोच. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तोटी उघडी ठेवली तरी तो तळाशी साचून राहतो. अशा सिलिंडरला छिद्र पाडताना उडालेली एक ठिणगी स्फोटास पुरेशी होते.

पिंप कोणते घ्यावे

हाच धोका पिंपाच्या बाबतीतही असतो. ‘पिंप तर रिकामे आहे, मग त्यात पेटणार काय?’ असे पुष्कळ जण विचारतात. वास्तविक पेट्रोल, थिनर, रंग किंवा रसायन यांचे रिकामे पिंप भरलेल्या पिंपाहून अधिक धोक्याचे असते. भरलेल्या पिंपात हवेला जागा नसते. रिकाम्या पिंपात मात्र द्रवाची वाफ व हवा यांचे मिश्रण तयार होते आणि स्फोट होतो तो या मिश्रणाचा. डिझेल किंवा वंगण तेल एरवी सहज पेट घेत नाही. परंतु गॅसकटरच्या ज्योतीने पत्रा तापला की पिंपाच्या कडेला चिकटलेल्या तेलाची वाफ होऊन तेही पेट घेते.

कीटकनाशके, तणनाशके, कारखान्यातील रसायने, डांबर व रंग यांची पिंपे कितीही धुतली तरी खाद्यपदार्थासाठी घेऊ नयेत. तसेच पिंपावर पूर्वीच्या मालाचे चिन्ह राहिले नसेल व विकणारा खात्रीने सांगू शकत नसेल, तर केवळ वास येत नाही एवढ्यावरून ते घेऊ नये. खात्री नाही तेथे खरेदी नाही, हा नियम कटाक्षाने पाळावा.

खाद्यतेलाचे पिंप चालते. त्याहून चांगले पिंप म्हणजे आंब्याच्या रसाचे. रस निर्जंतुक पिशवीत भरतात व ती पिशवी लोखंडी पिंपात ठेवतात. त्यामुळे रसाचा पत्र्याशी संबंध येत नाही. शिवाय अशा पिंपाचे संपूर्ण झाकण बहुधा कडे सोडवून काढता येते, त्यामुळे ते कापावे लागत नाही. पिंपाच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा मात्र नसावा. जस्त तापले की त्याचा धूर अपायकारक होतो, आणि मीठ व धूर यांच्या संसर्गाने ते मासळीत उतरते.

पिंप कापणे व भाजणे

खाद्यतेलाचे बंद तोंडाचे पिंप असल्यास दोन्ही बुचे काढून ते गरम पाणी व धुण्याचा सोडा घालून हलवून धुवावे आणि दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने विसळावे. नंतर पिंप उभे करून काठोकाठ पाण्याने भरावे व बुचे उघडीच ठेवावीत. पाण्याने भरलेल्या पिंपात वाफेला जागा राहत नाही. मग वरच्या कडेच्या आतील बाजूने छिन्नी व हातोड्याने झाकण गोल कापून काढावे. या कामास गॅसकटर किंवा ग्राइंडर वापरू नये. झाकण निघाल्यावर पाणी ओतून पिंप पुन्हा धुवावे. पिंप असे उघडे व स्वच्छ झाल्यानंतरच पुढील काम वेल्डिंगच्या दुकानात देण्यास हरकत नाही.

पिंपाच्या आत व बाहेर रंगाचा किंवा लाखेसारखा लेप असतो. वस्तीपासून दूर मोकळ्या जागी, वाऱ्याकडे पाठ करून, पिंपात लाकडाचा जाळ करावा व लेप पूर्ण जळेपर्यंत तो चालू ठेवावा. या धुरात कोणी उभे राहू नये. थंड झाल्यावर पिंप तारेच्या ब्रशने घासावे, धुवावे व वाळवून आतून खोबरेल तेलाचा पातळ हात द्यावा. नंतर मासळी न ठेवता एकदा स्वच्छ लाकडाची धुरी द्यावी.

भट्टीची रचना

२०० लिटरच्या पिंपाची उंची सुमारे ८८ सेंटिमीटर व व्यास सुमारे ५७ सेंटिमीटर असतो. या मापास पुढील रचना बसते.

(१) जाळाचे तोंड : तळापासून ५ सेंटिमीटर वर, ३० सेंटिमीटर रुंद व २५ सेंटिमीटर उंच तोंड कापावे. कापलेला पत्रा बिजागरी लावून दार म्हणून वापरावा. दार कमीजास्त उघडून जाळ आवरता येतो. तळाशी ५ सेंटिमीटर वाळूचा थर द्यावा, म्हणजे पत्रा लवकर जळत नाही.

(२) आडपत्रा : तळापासून ४० सेंटिमीटरवर तीन बोल्ट बसवून त्यांवर गोल पत्रा ठेवावा. कापून काढलेले झाकण येथे उपयोगी पडते. पत्र्याचा मध्यभाग अखंड ठेवून कडेने छिद्रे पाडावीत. यामुळे जाळ थेट मासळीला लागत नाही, उष्णता सर्वत्र पसरते आणि मासळीचे तेल निखाऱ्यावर पडत नाही. निखाऱ्यावर पडलेल्या तेलाचा काळा, कडू धूर मालाची चव बिघडवितो व आरोग्यासही घातक असतो.

(३) जाळ्या : तळापासून ५८ व ७३ सेंटिमीटरवर दोन जाळ्या बसवाव्यात. जाळी स्टेनलेस पोलादाची असावी. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरू नये. मध्यम आकाराचे सुमारे चौदा-पंधरा बांगडे एका जाळीवर सुटे मावतात.

(४) झाकण : साध्या लोखंडी पत्र्याचे झाकण करून त्यात धूर जाण्यास १० सेंटिमीटरचे भोक ठेवावे. वरच्या जाळीच्या पातळीवर पिंपास लहान छिद्र पाडून तबकडीचा तापमापक बसवावा. भट्टीत हा एकच भाग विकत घ्यावा लागला तरी तो वगळू नये.

पिंपाचा पत्रा पातळ, सुमारे एक मिलिमीटरचा असल्याने वाऱ्यावर तो लवकर थंड होतो. त्यासाठी पिंपाभोवती जांभ्या दगडाचे कडे रचून मधली पोकळी मातीने भरावी. सरपणाची बचत होते. भट्टी घरात किंवा बंद पडवीत ठेवू नये, कारण कोंडलेल्या धुरातील विषारी वायूने माणूस गुदमरतो.

सरपण

बाभूळ, जांभूळ, आंबा यांचे वाळलेले कठीण लाकूड जाळासाठी घ्यावे. धुरासाठी नारळाची सोडणे, करवंट्या किंवा स्वच्छ लाकडाचा भुसा चांगला. चीड, देवदार यांसारखे राळेचे लाकूड, प्लायवूड, रंगविलेल्या फळ्या व कण्हेरीच्या फांद्या वर्ज्य कराव्यात. काजूची टरफले कोकणात सरपण म्हणून वापरतात. धुरीसाठी मात्र ती कदापि वापरू नयेत. त्यांतील तेल दाहक असते व त्याचा धूर मासळीवर बसतो.

मासळीची तयारी

धुरीने चांगली मासळी टिकते. बिघडलेली सुधारत नाही. बांगडा, तारली व कुप्पा या जाती बर्फाविना राहिल्यास त्यांत हिस्टामीन नावाचे विष तयार होते. ते शिजविण्याने किंवा धुरीने नष्ट होत नाही. खाणाऱ्यास अंगावर गांधी, डोकेदुखी व उलट्या असा त्रास होतो. म्हणून दिवसभर पडून राहिलेला माल भट्टीत घालण्यापेक्षा, माल जास्त आहे हे सकाळी ध्यानी येताच तो बर्फात ठेवून त्याच दिवशी धुरीस घ्यावा.

मासळीची आतडी व कल्ले काढून ती स्वच्छ पाण्याने धुवावी. १० लिटर पाण्यात अडीच किलो मीठ विरघळवून त्यात बांगडे २० ते ३० मिनिटे व तारली १५ मिनिटे ठेवावी. नंतर मासळी एकदा विसळून, बारीक जाळीखाली, सावलीत व वाऱ्यावर एक-दोन तास निथळू द्यावी. कातडी बोटास किंचित चिकट लागू लागली की ती धुरीस तयार झाली. ओल्या कातडीवर धूर सारखा बसत नाही.

धुरी देणे

पहिला अर्धा ते पाऊण तास झाकण किंचित उघडे ठेवून ३० ते ४० अंश सेल्सिअस तापमान राखावे. या अवस्थेत मासळी सुकते. घाईने जाळ वाढविल्यास कातडी फाटते व मांस गळून पडते. पुढील एक तास झाकण लावून ५० ते ६० अंशांवर दाट धुरी द्यावी. शेवटी जाळ वाढवून तापमान ८० अंशांच्या वर न्यावे. मांसाच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ६५ अंशांच्या वर गेले पाहिजे व तेथे किमान अर्धा तास राहिले पाहिजे. मधून मधून खालची जाळी वर व वरची खाली करावी. मांस काट्यापासून सहज सुटू लागले व आत काचेसारखे दिसेनासे झाले, म्हणजे माल तयार झाला. त्याचा रंग सोनेरी तपकिरी असावा. काळा रंग हे जाळ जास्त झाल्याचे लक्षण होय.

साठवण व विक्री

अशा रीतीने तयार केलेली मासळी सुक्या मासळीसारखी महिनोन् महिने टिकते, असा समज करून घेऊ नये. तिच्यात पाण्याचा अंश पुष्कळ राहतो. ती जाळीखाली पूर्ण थंड करून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवावी. अधिक ठेवावयाची असल्यास बर्फात किंवा शीतपेटीत ठेवून आठवड्याच्या आत वापरावी. हवाबंद प्लॅस्टिक पिशवीत घालून ती बाहेर ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण हवेवाचून वाढणारे विषारी जंतू तेथेच वाढतात. गरम माल झाकून ठेवल्यास त्यावर घाम येऊन बुरशी धरते.

विक्रीचा दर ठरविताना वजनातील घट विसरू नये. समजा, १५० रुपये किलो दराने १० किलो बांगडा घेतला व त्यातून साडेसहा किलो माल निघाला. तर १,५०० रुपयांस साडेसहाने भागता केवळ मासळीचाच खर्च किलोस सुमारे २३१ रुपये पडतो. त्यात मीठ, सरपण, बर्फ व मजुरी मिळवावी लागते. ताज्या मासळीच्या दरात थोडी भर घालून विकणाऱ्यास तोटाच होईल. प्रत्येक घाण्याच्या आधीचे व नंतरचे वजन वहीत टिपून ठेवावे. नियमित विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी करून घ्यावी.

प्रात्यक्षिक

ग्रामसेवकांनी व मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यकर्त्यांनी गावात पहिली भट्टी स्वतः उभे राहून बांधवून घ्यावी. प्रात्यक्षिकाचा आरंभ मासळीपासून न करता भंगारवाल्याच्या दुकानापासून करावा. तेथे चार पिंपे पाहून कोणते का नाकारले, हे लोकांसमोर सांगावे. धुरी किती द्यावी हे गावातील बायका दोन घाण्यांत शिकतील आणि पुढे कार्यकर्त्यासही शिकवतील. परंतु चुकीचे पिंप एकदा छिन्नीखाली आले, तर चूक सुधारण्यास दुसरा घाणा मिळत नाही. एवढी एक गोष्ट गावाच्या मनावर ठसली, तर भट्टीचे निम्मे काम झाले असे समजावे.