उसातील माती आणि चरकाची लाट



गळीत हंगाम सुरू झाला की आम्ही शेतकी खात्याची माणसे एकच पालुपद लावतो : ऊस स्वच्छ आणा, माती झटका, पाचट काढा. पुष्कळ सभासदांना वाटते की, ही नुसती वजनाची काटछाट आहे. काही जण तर म्हणतात, "एवढा मोठा लोखंडी चरक, त्याला मूठभर मातीनं काय होणार?" प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर शेतीशास्त्रात नसून धातूशास्त्रात आहे, म्हणून या अंकात थोडे लोखंडाविषयी बोलू.

लाट कशाची असते?

गव्हाणीतून आलेला ऊस आधी कटरच्या पात्यांखाली व पुढे हातोड्यांखाली (फायबरायझर किंवा श्रेडर) बारीक होतो, मग मिलमध्ये जातो. मिलची लाट, म्हणजे रोलर, दोन भागांची असते. आत घडीव पोलादाचा दांडा आणि त्यावर बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, जाड कवच. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवतो आणि थंड झाली की ती आवळून बसते, तसेच हे कवच दांड्यावर बसवतात. आपल्याकडील अनेक कारखान्यांत ३३ इंच व्यासाच्या व ६६ इंच लांबीच्या लाटा आहेत. कवचावर गोल खाचा व दात पाडलेले असतात.

कवच बिडाचेच का? कारण बिडाचा कण भरड असतो. पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि भुसा झालेला ऊस लाटेला धरून आत ओढला जातो. लाट गुळगुळीत झाली की ऊस घसरतो आणि रस पुरता निघत नाही.

वाळू लोखंडाला भारी

आता मातीकडे वळू. मातीतील वाळूचा कण म्हणजे गारगोटी. धातूचा कठीणपणा मोजण्याचे विकर्स नावाचे एक माप आहे. त्या मापाने लाटेचे बीड २०० च्या आसपास भरते आणि गारगोटी ११०० च्या आसपास. म्हणजे वाळूचा कण लोखंडाहून पाचपट कठीण. शेकडो टनांच्या दाबाखाली असा कण लाटेवरून गेला की तो कानशीसारखे काम करतो. खडकाळ रानात रोटाव्हेटरची पाती कशी झिजतात हे आपण पाहतोच. त्यातलाच हा प्रकार.

त्यात उसाचा रस आंबट (सामू साधारण ५ ते ५.५). रसाने धातूचा वरचा थर गंजतो, वाळू तो खरवडते, खाली नवा धातू उघडा पडतो आणि पुन्हा गंजतो. शिळ्या उसाचा रस अधिक आंबट, म्हणून झीजही अधिक.

मग सगळी लाटच कठीण का करीत नाहीत? कारण फार कठीण धातू ठिसूळ असतो. कोयत्याला लोहाराने पाणी जास्त पाजले की धार तुटते, हे सर्वांना ठाऊक आहे. एवढ्या दाबात ठिसूळ कवच तडकेल.

संशोधकांनी काढलेली वाट

यावर जगभरच्या ऊस मुलखांत संशोधन झाले. त्याचे सूत्र एकच : अंग चिवट ठेवा, कातडी कठीण करा. लाटेच्या दातांवर क्रोमियम भरपूर असलेल्या वेल्डिंग कांड्यांनी बारीक पुटकुळ्या उठवतात. यालाच मिलवाले आर्सिंग म्हणतात. या पुटकुळ्यांत क्रोमियम कार्बाइड तयार होते. त्याचा कठीणपणा १५०० च्या घरात, म्हणजे वाळूला पुरून उरणारा. शिवाय पुटकुळ्यांमुळे लाट खरखरीत राहते व ऊस घट्ट धरते. हे काम लाट फिरत असताना, अंगावर रस वाहत असतानाही करता येते, त्यामुळे गाळप थांबवावे लागत नाही.

हातोड्यांच्या टोकांना तर टंगस्टन कार्बाइडचा थर देतात. ते याहूनही कठीण. ऑस्ट्रेलियातील सी.एस.आय.आर.ओ. या सरकारी संशोधन संस्थेने अत्यंत कठीण असे पांढरे बीड मऊ पोलादाच्या पाठीवर निर्वात भट्टीत जोडण्याची पद्धत काढली आणि ती हातोड्यांसाठी वापरात आली. आपल्याकडे मांजरी येथे सहकारी कारखान्यांच्या सभासदांनी १९७५ साली उभी केलेली संस्था, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, ऊसजातींबरोबर साखर अभियांत्रिकीचेही काम करते.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या कांड्या महाग असतात. शिवाय कितीही कठीण थर दिला तरी तो झिजतो. फक्त उशिरा झिजतो.

आपल्या खिशाचा हिशेब

समजा, कारखाना दिवसाला ५,००० टन ऊस गाळतो आणि त्यात टक्काभर माती आहे. म्हणजे रोज ५० टन माती लाटांतून जाते. दहा टनी पाच ट्रक मातीच!

आता झिजलेल्या लाटेचे बघू. १०० टन उसातून साधारण ३० टन भुसा (बगॅस) निघतो. चांगल्या मिलमध्ये त्यात २ टक्के साखर राहते. लाटा घसरू लागून ती अडीच टक्के झाली तर १०० टनांमागे दीड क्विंटल साखर जादा बॉयलरमध्ये जळाली. त्यातली थोडी एरवीही मळीत गेलीच असती, पण ते वजा जाता उताऱ्यात ०.१ टक्क्याचा फटका बसतोच.

२०२५-२६ हंगामासाठी एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे १०.२५ च्या वर उतारा असलेल्या कारखान्यात १०० टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे ३,४६० रुपये गेले. ज्याने ऊस स्वच्छ आणला त्याचेही गेले, कारण उतारा सगळ्यांचा मिळून एकच धरतात. शिवाय भुशाबरोबर गेलेली वाळू बॉयलरच्या नळ्या खाते, ते वेगळेच.

सभासदांनी काय करावे?

१) तोडणीआधी १० ते १५ दिवस पाणी बंद करावे. ओल्या रानातला ऊस चिखल घेऊनच येतो.

२) ऊस जमिनीलगत तोडावा, कारण बुडख्यात साखर जास्त. मात्र मुळ्या व ढेकूळ झटकून मगच मोळी बांधावी.

३) वाढे व पाचट गाडीत भरू नये. पाचट सरीत कुजवावे, खोडव्याला उपयोगी पडते.

४) यंत्राने ऊस भरताना खालची माती ओढली जाते. तेथे स्वतः उभे राहावे.

५) कोयता, पहार, दगड मोळीत जाणार नाही हे पाहावे. लोखंड चुंबकाला सापडते, दगड सापडत नाही.

६) तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडेल असे बघावे.

तोडणी टोळीच्या मुकादमाला ही कारणे नीट समजावून सांगितली तर तोही ऐकतो, असा आमचा अनुभव आहे. पाहिजे असल्यास आपल्या गटाच्या ॲग्री ओव्हरसिअरला फडात बोलवावे. हंगाम संपल्यावर लाटा बाहेर काढल्या जातात, तेव्हा ज्यांना सवड असेल त्यांनी मिल विभागात येऊन त्यांच्या दातांवरून एकदा हात फिरवून पाहावा.

— ऊस विकास अधिकारी