पिल्लाला वर्गात घालतेयस ना?

अगं, पिल्लू नऊ आठवड्यांचं झालं म्हणालीस, तर आता चालढकल करू नकोस. नवी माणसं, नवे आवाज, अंगाला लागणारे नवे हात आपलेसे करायचा मांजराचा काळ फार छोटा असतो. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात तो ऐन भरात असतो, मग भीती वरचढ व्हायला लागते. म्हणूनच पिल्लांचे वर्ग लहानपणीच, साधारण आठ ते चौदा आठवड्यांच्या पिल्लांसाठी असतात. ऑस्ट्रेलियात कर्स्टी सेक्सेल या पशुवैद्य बाईंनी 'किटन किंडी' नावाने असे वर्ग चालवले.

आपल्याकडे पाटी बघून शोधशील तर सगळे कुत्र्यांचेच वर्ग सापडतील. त्यापेक्षा तुझ्या डॉक्टरांनाच विचार. वर्ग नसेल तर पिल्लं पाळणाऱ्या तीन-चार जणी गाठ आणि दवाखाना बंद असतो त्या वेळात तासभर शिकवा म्हणून डॉक्टरांना गळ घाल. खरंच घाल, लाजू नकोस.

पैसे भरण्याआधी एकटीच जाऊन एक तास बघून ये. खोलीचं दार नीट लागतं का, कपाटामागे पिल्लू अडकेल अशी फट आहे का, हे बघ. पाच-सहा पिल्लं पुष्कळ झाली. लसीचं कार्ड मागत नसतील तर तिथे मुळीच जाऊ नकोस. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू जमिनीवर, कपड्यांवर महिनोन् महिने तग धरतो आणि एवढ्याशा जिवाला बघता बघता घेऊन जातो. आपल्या पिल्लाचीही पहिली लस होऊन आठवडा-दहा दिवस गेलेले असू देत, जंताचं औषध झालेलं असू दे. अंगावर गजकर्णाचा चट्टा दिसला तर तो बरा होईपर्यंत घरीच थांब. तो माणसांनाही लागतो. आणि शिकवणारा पाण्याचा फवारा मारताना दिसला तर सरळ उठून ये. त्याने पिल्लू शिकत नाही, फक्त माणसाला घाबरायला लागतं.

सासूबाई म्हणतात ना, मांजर कधी शिकतं का? जपानमध्ये अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिलंय की घरातली मांजरं आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतात. शिकतं गं, पण खाऊसाठी आणि स्वतःच्या मर्जीने.

मला विचारशील तर वर्गात दोनच गोष्टी जीव लावून शीक, एक न्यायची बास्केट आणि दुसरी नखं. बास्केट माळ्यावर टाकून फक्त दवाखान्याच्या दिवशी काढली, की ती दिसताच मांजर पलंगाखाली पळणारच. ती कायम हॉलमध्ये उघडी ठेव, आत त्याच्या वासाचा जुना टॉवेल घाल. उकडलेल्या चिकनचा कण आधी दाराशी ठेव, मग उंबऱ्याच्या आत, मग पार मागे. आपणहून आत बसायला लागलं की दार क्षणभर लाव आणि लगेच उघड. नखांचंही तसंच. पंजाचा तळवा हलकेच दाब, नख बाहेर आलं की लगेच खाऊ दे आणि पंजा सोड. कात्री पहिल्या दिवशी आणूच नकोस. पुढे एका वेळी एकच नख काप, तेही टोकापुरतं; आतल्या गुलाबी भागात रक्त असतं.

पिल्लू वर्गात पहिला अर्धा तास बास्केटमधून बाहेर आलंच नाही, तर आलंच नाही. ओढून काढू नकोस. आतून बघतंय, कान फिरवतंय, खाऊ खातंय, म्हणजे चाललंय. खाऊला तोंडही लावत नसेल, अंग चोरून बसलं असेल, तर लवकर निघ.

तुझ्या थोरल्या बोक्याला मात्र यात गुंतवू नकोस. मोठं मांजर आपल्या हद्दीला धरून असतं. अनोळखी मांजरांच्या खोलीत ते शिकत नाही, नुसतं फिसकारत बसतं. तू वर्गात शिकून ये आणि त्याला घरी, जेवणाच्या आधी पाच मिनिटं शिकव. एवढी भूक पुरते.