शिक्षकांची सामायिक वाचनखूण : नव्या शिक्षिकेस पत्र

सातारा

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पलूस तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू होऊन अध्यापनास प्रारंभ झाल्याचे समजले आणि घरातील सर्वांस समाधान वाटले. पाठाला उपयोगी पडणारे आंतरजालावरील साहित्य हाताशी राहावे यासाठी ते कसे लावून ठेवावे, अशी विचारणा चि. भाचीने केली होती. हा प्रश्न वरकरणी संगणकाचा वाटला तरी मुळात तो शिक्षकी पेशाचा आहे. म्हणून त्याचे उत्तरही त्या पेशाच्या अंगाने आणि थोडे विस्ताराने देणे उचित ठरेल.

या कामासाठी जी साधने वापरली जातात त्यांना सोशल बुकमार्किंगची साधने म्हणतात. ब्राउझरमध्ये पानावर वाचनखूण ठेवण्याची सोय जुनीच आहे. परंतु ती खूण एकाच व्यक्तीपुरती राहते आणि तिच्याजवळ पानाच्या शीर्षकापलीकडे फारसे काही नसते. सोशल बुकमार्किंगमध्ये तीच खूण आंतरजालावरील खात्यात नोंदवली जाते, तिला टॅग म्हणजे विषय सांगणारे छोटे शब्द जोडता येतात, स्वतःची टीप लिहिता येते आणि इच्छा असल्यास ती सहकाऱ्यांसाठी खुली करता येते. २००३ साली जोशुआ शाक्टर यांनी सुरू केलेल्या डिलिशस या संकेतस्थळाने ही पद्धत लोकप्रिय केली. ग्रंथपालाने आधी ठरवून दिलेल्या वर्गांऐवजी वापरणाऱ्यांनी आपापल्या शब्दांतून उभ्या केलेल्या या वर्गीकरणाला २००४ साली टॉमस व्हँडर वाल यांनी फोक्सॉनॉमी असे नाव दिले. मराठीत त्याला लोकवर्गीकरण म्हणता येईल. आज डिगो, रेनड्रॉप, पिनबोर्ड अशी अनेक साधने उपलब्ध आहेत. डिगोमध्ये पानावरील मजकूर रंगवून त्यावर टिपण लिहिण्याची आणि गट करून संग्रह सामायिक ठेवण्याची सोय असल्याने शिक्षकांना ते विशेष सोयीचे पडते.

सध्या तंत्रस्नेही शिक्षकांचे बहुतेक आदानप्रदान व्हॉट्सॲपच्या गटांवर चालते. तेथे दिवसभरात आलेली उत्तम चित्रफीत रात्रीपर्यंत शुभेच्छा, परिपत्रके आणि माहितीचे तक्ते यांखाली दबून जाते, आणि तो घटक वर्गात शिकवण्याची वेळ येते तेव्हा ती लिंक पुन्हा पाठवण्याची विनंती गटावर येते. साहित्य पोहोचवण्यासाठी असा गट चांगला आहे, परंतु ते जपण्यासाठी नाही. जपण्याचे काम वेगळे असून ते वेगळ्या ठिकाणीच करावे लागते.

येथे चि. भाचीने एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. नुसती लिंक साठवली म्हणजे शैक्षणिक साहित्य जमा झाले असे होत नाही. ते पान कोणत्या घटकासाठी, कोणत्या मुलांसाठी आणि कोणत्या कारणाने निवडले, हे शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत लिहिल्यावरच ती लिंक साहित्य होते. पान दुसऱ्याचे असते, पत्ता यंत्राचा असतो. त्यातील शिक्षकाचे म्हणण्यासारखे काही असेल तर तो त्याने केलेला पारख-निर्णय होय, आणि साठवायचा असतो तो मुख्यतः हा निर्णय.

टॅग लावण्याचे महत्त्व चि. भाचीच्या शाळेच्या परिसरातील इतिहासावरून चांगले समजते. स्वातंत्र्यलढा शिकवताना प्रतिसरकारचा, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारचा, विषय येतो. त्याचे एक मुख्य केंद्र असलेले कुंडल आज पलूस तालुक्यात आणि त्याचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांचे येडेमच्छिंद्र वाळवा तालुक्यात, म्हणजे दोन्ही गावे सांगली जिल्ह्यात आहेत. तथापि प्रतिसरकारच्या काळात, १९४३ साली, सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वीच्या लेखनात सांगली म्हणजे पटवर्धनांचे संस्थान, कुंडल औंध संस्थानात, आणि चळवळीचे नाव मात्र साताऱ्याचे प्रतिसरकार. त्यामुळे केवळ ‘सांगली’ असा टॅग लावून ठेवणाऱ्याला ‘सातारा’ या नावाखाली नोंदलेले निम्मे साहित्य सापडणार नाही, आणि केवळ ‘सातारा’ लावणाऱ्याच्या विद्यार्थ्यांना हा इतिहास आपल्याच गावचा आहे हे उमगणार नाही. संगणकातील फोल्डरमध्ये एक पान एकाच जागी ठेवले जाते. टॅगच्या पद्धतीत मात्र त्याच पानाला ‘प्रतिसरकार’, ‘सातारा’, ‘सांगली’, ‘औंध-संस्थान’, ‘कुंडल’ आणि ‘मुलाखत’ असे सहा शब्द जोडले की सहाही वाटांनी तेथे पोहोचता येते.

ही सोय संगणकाने प्रथमच आणली असे मानण्याचे कारण नाही. सातारा जिल्ह्यातच, वाई येथे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील नोंदी अकारविल्ह्याने लावलेल्या आहेत, म्हणजे प्रत्येक नोंदीला एकच जागा आहे. परंतु नोंदीतील ‘पहा’ हा निर्देश वाचकाला संबंधित नोंदींकडे घेऊन जातो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवावा असे आहे. टॅग निवडताना हेच सूत्र कसोटी म्हणून वापरावे, आणि ज्या शब्दाने दुसरा शिक्षक शोध घेईल तो शब्द आधी लावावा.

लोकवर्गीकरणात स्वातंत्र्य असते तसाच गोंधळही असतो. एकाने ‘भूकंप’ लिहिले, दुसऱ्याने घाईत ‘भुकंप’ टंकले, तिसऱ्याने रोमन लिपी वापरली, तर एकाच विषयाचे तीन ढीग होतात आणि कोणताच पुरा नसतो. काही साधनांत दोन शब्दांमधील मोकळ्या जागेमुळे एका टॅगचे दोन टॅग होतात. म्हणून जोडशब्द संयोगचिन्हाने लिहावेत. इयत्ता, विषय, घटक, साहित्याचा प्रकार, भाषा आणि स्थळ या सहा बाजूंसाठी ठरावीक शब्दांची एक छोटी यादी करून ती सर्वांनी पाळावी. यादीबाहेरचे शब्द लावण्यास हरकत नसावी, परंतु यादीतील शब्द वगळू नयेत.

टीप कशी लिहावी, यासाठी कोयनेच्या भूकंपाची नोंद उदाहरण म्हणून घेता येईल. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या या भूकंपावर आंतरजालावर पुष्कळ साहित्य आहे आणि त्याची तीव्रता कोठे ६.३, कोठे ६.५, तर कोठे ६.६ अशी दिलेली आढळते. अशा पानाची नोंद करताना ‘उपयुक्त माहिती’ एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय. त्याऐवजी पुढीलप्रमाणे टीप असावी : ‘धरणाचा जलाशय आणि भूकंप यांचा संबंध दाखवणारी आकृती दुसऱ्या भागात आहे, तेवढीच वर्गात दाखवावी, तीव्रतेचा आकडा पाठ्यपुस्तकाशी पडताळून घ्यावा आणि मुलांनी विचारल्यास मोजण्याच्या पद्धतींनुसार आकडा बदलतो हे सांगावे, भाषा मोठ्या मुलांना झेपेल अशी आहे, पाटण तालुक्यातील मुलांनी आजी-आजोबांना विचारून त्या पहाटेच्या आठवणी लिहून आणाव्यात.’ ही टीप लिहिण्यास फार वेळ लागत नाही. परंतु तिच्यातून पानातील नेमका भाग, त्याचा दोष, त्याची काठिण्यपातळी आणि त्यावरील कृती या चारही गोष्टी कळतात, आणि पुढच्या वर्षी टाचण काढताना तीच टीप थेट कामास येते.

निवड कोठून करावी, याबाबतही दृष्टी हवी. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तके आणि २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या व्यासपीठावर पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडशी जोडलेले साहित्य मिळते. कोड स्कॅन करून ते कोणालाही सापडत असल्याने त्याची नुसती नोंद करण्यापेक्षा त्यातील नेमका उपयोगी भाग टिपावा. विज्ञानासाठी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या प्रकल्पातील आभासी प्रयोग मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतल्यावर ते इंटरनेटशिवाय चालतात. पाटण, जावळी किंवा शिराळा तालुक्यांच्या डोंगरी भागात ही सोय मोलाची ठरते. टाकाऊ वस्तूंपासून प्रयोग करण्यासाठी अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ आहे, आणि ग्रामीण जीवनावरील मराठी लेखांसाठी ‘परी’ या नावाने ओळखले जाणारे ग्रामीण भारताचे लोकसंग्रहालय आहे, जेथे प्रतिसरकारच्या तुफान सेनेतील स्वातंत्र्यसैनिकांविषयीही वाचावयास मिळते. मात्र कोणत्याही ठिकाणचे साहित्य पूर्ण पाहिल्याशिवाय संग्रहात घेऊ नये. न पाहिलेली चित्रफीत सहकाऱ्यास सुचवणे ही त्याच्या वर्गाशी केलेली हयगय आहे.

आता या साधनांच्या नश्वरतेविषयी. डिलिशस २००५ मध्ये याहूने घेतले, २०११ मध्ये विकले, आणि २०१७ मध्ये पिनबोर्डच्या चालकाने विकत घेऊन त्यात नव्या नोंदी करणे बंद केले. गूगलची बुकमार्क सेवा २०२१ मध्ये आणि पॉकेट ही सेवा २०२५ मध्ये बंद झाली. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, तरी २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले. संग्रह कितीही भरवशाच्या ठिकाणी असला तरी तो एकाच ठिकाणी नसावा, हाच बोध येथे घ्यावयाचा. जवळजवळ प्रत्येक साधनात सर्व नोंदी एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय असते, तिला एक्सपोर्ट म्हणतात. प्रत्येक सत्राच्या अखेरीस ती फाइल काढून शाळेच्या संगणकावर आणि पेनड्राइव्हवर ठेवावी.

साधन टिकले तरी पान टिकेलच असे नाही. संकेतस्थळे पत्ते बदलतात आणि जुनी लिंक कोठेच पोहोचत नाही, याला लिंक मृत होणे म्हणतात. खुद्द विश्वकोशाच्या जुन्या संकेतस्थळाचा पत्ता आणि आजच्या शासकीय संकेतस्थळाचा पत्ता वेगळे आहेत; ज्याने केवळ जुना पत्ता साठवला त्याचा माग तुटतो, पण ज्याने नोंदीचे शीर्षक आणि लेखकाचे नाव टिपेत लिहून ठेवले त्याला ती नोंद नव्या पत्त्यावर, किंवा ग्रंथालयातील छापील खंडातही, सापडते. महत्त्वाचे पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून त्या प्रतीचा पत्ताही टिपेत द्यावा.

दोन बाबतींत विशेष काळजी घ्यावी. लिंक देणे आणि साहित्याची प्रत वाटणे यांत फरक आहे. दुसऱ्याच्या पुस्तकाची फाइल परवानगीशिवाय संग्रहात चढवू नये आणि मूळ कर्त्याचे नाव नेहमी द्यावे. तसेच मुलांची छायाचित्रे, नावे किंवा हजेरीच्या फाइली यांच्या लिंक सार्वजनिक संग्रहात कदापि येऊ देऊ नयेत, आणि मुलांना स्वतंत्र खाती काढावयास लावू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. शिक्षिकेने तयार केलेली यादी खाते नसतानाही उघडता येते, तेवढे मुलांना पुरेसे आहे.

हे सारे एकटीने करण्याचे काम नाही, आणि एकटीपुरते केले तर त्याचे मोलही अर्धेच राहील. केंद्रातील शाळांचा एक सामायिक संग्रह असावा; प्रत्येक शिक्षकाने आपल्या विषयाचा एकेक घटक वाटून घ्यावा, दुसऱ्याने सुचवलेले साहित्य वर्गात वापरून पाहिल्यावर ते कसे लागू पडले हे त्याच टिपेखाली लिहावे, आणि मृत लिंक काढणे, टॅग एकसारखे करणे ही जबाबदारी आळीपाळीने एकेकाने घ्यावी. दरमहा होणाऱ्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत त्यासाठी थोडा वेळ मागून घ्यावा. बदली झाल्यावर शिक्षक आपला अनुभव बरोबर घेऊन जातो आणि त्या जागी येणारा नवा शिक्षक पुन्हा पहिल्यापासून शोधू लागतो, ही आपल्या शाळांची जुनी हानी आहे, आणि सामायिक संग्रहाने ती बऱ्याच अंशी भरून निघते. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती रयतेच्या पाठबळावर; या भागात शिक्षण लोकांच्या सहकार्याने उभे राहिले आहे, आणि शिक्षकांनी शिक्षकांसाठी केलेला संग्रह त्याच परंपरेत बसतो.

आरंभ मोठा करू नये. चि. भाचीने चालू सत्रातील एकच घटक घ्यावा, त्यासाठी पूर्ण पाहिलेली पाच-सात पाने निवडावीत, प्रत्येकास ठरलेले टॅग आणि वर दाखवली तशी टीप जोडावी, आणि येत्या शिक्षण परिषदेत ती यादी सहकाऱ्यांपुढे ठेवून प्रत्येकाकडून तशाच एका घटकाची मागणी करावी. मागणी करण्यात संकोच वाटू देऊ नये. आधी स्वतः देणाऱ्याला मागण्याचा अधिकार असतो. या कामात केंद्रप्रमुखांना प्रथमपासून सहभागी करून घ्यावे आणि वयाने वडील असलेल्या, संगणकाला बिचकणाऱ्या शिक्षकांना त्यांच्या अनुभवातील टिपा तोंडी सांगण्याची विनंती करून त्या स्वतः टंकून द्याव्यात, कारण टंकलेखन कोणीही शिकू शकतो, पण कोणत्या उदाहरणाने मुलांना घटक समजतो ही जाण वर्षानुवर्षांच्या अध्यापनानेच येते.

प्रकृतीस जपावे. पहिल्या घटकाची यादी तयार झाल्यावर इकडे अवश्य पाठवावी.

इति आशीर्वाद.

मामा