गेटापाशी सुटणारं बोट
घरची जवळीक आणि शाळेचे पहिले दिवस

जून महिन्यात इच्छापोरमध्ये सकाळी दोन गर्दी दिसतात. एक हजिऱ्याच्या कारखान्यांकडे निघालेल्या कामगारांची, दुसरी आईचं बोट घट्ट धरून शाळेत निघालेल्या लहानग्यांची. गेटापाशी बोट सुटतं आणि रडारड सुरू होते. मग कुणीतरी म्हणतंच, "फार लाडावलंय हो, आईला सोडतच नाही!"

खरंच का? घरची माया मुलाला शाळेत रुळू देत नाही का?

बाल-मानसशास्त्र वेगळं सांगतं. मेरी एन्सवर्थ यांनी साधारण वर्षाच्या मुलांवर एक प्रयोग केला. आई थोडा वेळ खोलीबाहेर जायची आणि परत यायची. आईशी सुरक्षित नातं असलेली पुष्कळ मुलं ती गेल्यावर रडली, पण ती आल्यावर लवकर शांत झाली आणि पुन्हा खेळायला लागली. म्हणजे रडणं हा दोष नव्हता. बघायचं होतं ते हे की मूल पुन्हा सावरतं कसं. आई हा मुलाचा भक्कम तळ असतो. तो पक्का असला की मूल दूर जाऊन जग बघायला धजावतं. शाळेत जाणारं मूल थोडं मोठं असतं, पण त्याची गरज हीच असते.

आपल्याकडे हे फार आधी ओळखलं ते ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आई, आजी समोर दिसतायत, माती ओळखीची आहे आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ चाललेत. घर आणि शाळा यांच्यातला उंबरठाच त्यांनी बुटका केला.

इच्छापोरमध्ये हा उंबरठा उंच होतो, कारण मराठी घरातल्या मुलाला इथे दोन गोष्टी एकदम सोडाव्या लागतात: आई आणि भाषा. आमच्या शेजारचा चार वर्षांचा मुलगा पहिल्या आठवड्यात "हट्टी" ठरला. बाई "अहीं आव" म्हणायच्या आणि हा जागचा हलायचा नाही. त्याला फक्त "इकडे ये" कळत होतं! आजी-आजोबा गावाकडे, बाबा शिफ्टला, म्हणून दिवसभर त्याच्याजवळ आईच. माया भरपूर होती, पण दुसऱ्या माणसाकडे जायची सवय नव्हती.

म्हणून जवळीक कमी करू नका, तिला जरा रुंद करा. शाळा सुरू व्हायच्या आधी मुलाला थोडा वेळ शेजारच्या काकूंकडे ठेवा. शाळेचं अंगण एकदा दाखवून आणा. डबा उघडणं, चप्पल घालणं, "शू लागली" हे सांगणं घरीच शिकवा, आणि हेच गुजरातीत कसं म्हणायचं तेही. मूल खेळात रमलंय बघून गुपचूप सटकू नका. तेवढ्यापुरतं सोपं जातं, पण दुसऱ्या दिवशी ते बोट आणखी घट्ट धरतं. "डबा खाऊन झाला की मी येते" असं सांगा आणि वेळेवर या. दिलेला शब्द पाळला जातो, हा मुलाचा शाळेतला पहिला धडा असतो.

शाळेनेही चार मराठी शब्द शिकले तर काय बिघडतं? "ये", "बस", "घाबरू नको", "आई येणार आहे". शेजारच्या त्या मुलाचा हट्ट अशानेच सुटला. वर्गातल्या एका मावशींनी त्याला "ये रे बाळा" म्हटलं आणि तो गेला.

आपल्यापैकी काही जण उद्या शिक्षक होतील, बरेच जण आईबाप. गेटापाशी मूल रडताना दिसलं तर त्याला लाडावलेलं म्हणू नका. ज्याच्यासाठी रडावं असं कुणीतरी त्याच्याजवळ आहे. शाळेत रुळायचं बळही त्याला तिथूनच मिळणार आहे.