पत्ता वाच, पत्र नको

चि. ओंकार,


काल वहिनीचा फोन होता. 'ओंकारने वसतिगृहाच्या प्रॉक्सीवर फिल्टर लिहिलाय, कोण काय बघतं ते सगळं कळतं त्याला,' असं कौतुकाने सांगत होती. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

सगळं कळतं म्हणजे काय रे? एचटीटीपीएसमध्ये ब्राउझर प्रॉक्सीला साइटचं नाव आणि 443 हा पोर्ट एवढंच सांगतो. पुढचं सगळं कुलूपबंद. आतला मजकूर तुला दिसतोय, म्हणजे मिटमप्रॉक्सी या मधे बसून कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रॅमचं सर्टिफिकेट तू मुलांच्या लॅपटॉपमध्ये घालायला लावलंस. आता त्यांचे पासवर्ड, आजारपणाची शोधाशोध, घरी लिहिलेल्या मेल, सारं तुझ्यापुढे उघडं. वॉर्डन म्हणाले म्हणून घातलंस? त्या मुलांना कुणी विचारलं?

तुझा कोड मी पाहिला. 'एक्स.कॉम' अडवायला नुसतं एंड्सविथ, म्हणजे शेवट जुळतो का एवढंच बघणारं, वापरलंस; नेटफ्लिक्स.कॉमचा शेवटही तोच आहे! नाव तंतोतंत जुळतं का, नाहीतर शेवट टिंबासकट '.एक्स.कॉम' आहे का, हे तपासायचं. मराठीची तर आणखी गंमत. 'दारू'च्या दोन्ही बाजूंना शब्दसीमेची खूण, बॅकस्लॅश-बी, लावलीस. शब्द शोधणारं पायथनचं री मॉड्यूल आपले काना, मात्रा, उकार अक्षरांत धरतच नाही. त्यामुळे सुटा 'दारू' खुशाल निसटतो आणि किल्ल्याच्या धड्यातला 'दारूगोळा' अडकतो. करून बघ. अशी फसगत जुनीच आहे: 1996 मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीच्या फिल्टरने इंग्लंडातल्या स्कनथॉर्पच्या लोकांना खातं उघडू दिलं नव्हतं, कारण गावाच्या नावात एक शिवी दडलेली.

हे तासाभरात दुरुस्त होईल. माझी काळजी ती नाहीच. काळजी त्या उघड्या मजकुराची आहे.

मी वसतिगृहात होते तेव्हा आमचं टपाल फोडून वाचलं जायचं. आमच्या भल्यासाठीच, असं सांगायचे. मी घरी 'मजेत आहे' एवढंच लिहू लागले. रात्री रडू येतं, जेवण जात नाही, यातलं काही लिहिलं नाही. पुढे गप्प राहायची सवयच लागली. तुझी आजी जाईपर्यंत तिला ते कधी सांगितलं नाही. ती रुखरुख अजून जात नाही रे.

म्हणून सांगते. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता वाचतो, त्यावर त्याचं काम भागतं. तुझंही साइटच्या नावावर भागेल. ते सर्टिफिकेट सगळ्यांच्या लॅपटॉपमधून काढायला लाव. अडवलेल्या साइटची कारणं आणि चुकून अडली तर कुणाला सांगायचं, हे सूचनाफलकावर लाव. नोंदींत मुलांची नावं ठेवू नकोस, आठवड्याने पुसून टाक. तरीही एखादी नको ती साइट निसटेल; निसटू दे.

जास्त बोलले का? तू कुणाचं वाईट करशील अशी भीती मला कधीच वाटली नाही. भीती एवढीच की बरोबरची मुलं तुझ्याशी जपून बोलायला लागतील, आणि तुझ्यासारख्या मायाळू पोराला ते का, हे कळणारही नाही. वॉर्डनना सांगायला संकोच वाटला तर माझं नाव पुढे कर, मी बोलेन त्यांच्याशी. दिवाळीला लॅपटॉप घेऊनच ये, दोघं बसून फिल्टर नीट करू.

खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस. आणि तुझ्या मनात काही साचलं, तर कितीही रात्र झाली तरी मला फोन कर.

तुझी,
आत्या