'स्माइट' : मारणे की माखणे?

ज्या वाचकांच्या कपाटात १६११ सालचे इंग्रजी बायबल अजून आहे, त्यांनी निर्गमाचा बारावा अध्याय काढून पाहावा. २९व्या वचनात देवाने मिसरातील प्रथमजन्मलेल्यांना मारले, तेथे 'स्मोट' असा शब्द आहे. 'स्माइट' या क्रियापदाचे ते भूतकाळी रूप. शाळेत त्याचा अर्थ 'प्रहार करणे' असा शिकवतात, आणि तो बरोबरच आहे. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी लिखाणात हा अर्थ सापडत नाही. तेथे 'स्मीतन' म्हणजे माखणे, लिंपणे, आणि त्यावरून डागाळणे, विटाळणे. प्रहाराचा अर्थ बाराव्या शतकापासून पुढे दिसू लागतो.

मग माखणाऱ्या हाताने मारायला कधी सुरुवात केली? या शब्दाची भावंडे पाहू. चौथ्या शतकात ख्रिस्ती नव्या कराराचे गॉथिक भाषांतर झाले. त्यात आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावल्याची गोष्ट आहे, आणि तेथे याच कुळातले क्रियापद माखण्याच्या अर्थी येते. उलट जर्मन 'श्माइसन' म्हणजे फेकणे. विद्वानांचे यावर एकमत नाही. मात्र एक तर्क असा, की हे शब्द चिखलाच्या भिंती लिंपण्यातून आले असावेत.

कोकणात वाढलेल्यांना हा तर्क पटायला वेळ लागणार नाही. कारवीचा कूड उभा केला, की शेणमातीचा गोळा त्यावर जोराने मारावा लागतो, नाहीतर तो फटींत धरत नाही. मग तळहाताने सारवून घ्यायचे. फेकणे, मारणे, माखणे ही तिन्ही कामे एकाच हाताची. आपले 'थापणे' तरी काय? शेणी थापतात, भाकरी थापतात, पाठीवर थाप देतात. आणि 'थापड' कशी असते हे आमच्या वयाच्या वाचकांना सांगायला नको!

त्याच अध्यायात दुसरे क्रियापद आहे 'स्ट्राइक'. ७व्या आणि २२व्या वचनांत कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लावण्याची आज्ञा आहे, तेथे इंग्रजीत हा शब्द घातला आहे. आजच्या इंग्रजीवर वाढलेल्या मुलाला वाटते, चौकट बडवायची आहे. पण 'स्ट्राइक'चाही जुना अर्थ हलकेच हात फिरवणे, चोळणे. कुरवाळणे या अर्थाचा 'स्ट्रोक' त्याचाच नातलग. भाषांतरकारांना येथे लावणे, माखणे हेच अभिप्रेत होते. आपल्याकडे काही घरांत पेसाहला रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उमटवीत आणि तो कागद दारावर लावीत. त्यात थापही आली आणि माखणेही.

हिब्रू मूळ तर याहून बोलके आहे. २२व्या वचनात चौकटीला रक्त लावा असे सांगताना 'वेहिगातेम' हा शब्द येतो. धातू नून-गिमेल-आयिन, अर्थ शिवणे, स्पर्श करणे. आणि अकराव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात फारोवर यायच्या शेवटच्या अरिष्टाला 'नेगा' म्हटले आहे. तोही त्याच धातूचा. दारावर लागले ते आणि मिसरावर आले ते, दोन्ही एका शब्दाची लेकरे. घरातल्या नातवंडांना विचारा : 'लागाआत' हे क्रियापद त्यांच्या तोंडी रोजचेच आहे.