पापडाच्या ऑर्डरवर डिजिटल सही

मध्यंतरी मी हौसेने सहा महिने प्रत्येक मेलवर डिजिटल सही केली. संगणकाला एकदा सांगून ठेवलं की तो आपोआप करतो, त्रास काही नाही. मग एका काकूंना पापडाच्या ऑर्डरच्या दोन ओळी पाठवल्या आणि उत्तर आलं, "अरे, सोबतची फाईल उघडत नाही. पुन्हा पाठव." ती फाईल म्हणजेच माझी सही होती, 'सिग्नेचर डॉट एएससी'. सहा महिन्यांत ती तपासून पाहिली एकाच मित्राने, तीसुद्धा मी मागे लागलो म्हणून.

तेव्हा माझं मत असं: रोजच्या मेलवर सही करण्यात अर्थ नाही, ठरावीक मेलवर जरूर आहे.

मेलच्या तळाशी येणारं नाव आणि हुद्दा ही डिजिटल सही नव्हे. खरी सही मजकूर आणि तुमची खाजगी किल्ली यांच्या गणितातून निघते. नंतर एक स्वल्पविराम जरी हलला तरी ती तपासणीत नापास होते. मजकूर मात्र उघडाच राहतो.

आधी फुकटात मिळालेलं काय आहे ते बघा. संगणकावर जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांवर क्लिक करा आणि 'शो ओरिजिनल' निवडा. तिथे 'डीकेआयएम'पुढे 'पास' दिसलं, तर पुढे लिहिलेल्या डोमेनच्या सर्व्हरने मेलवर सही केलेली आहे. कीबोर्डवर कोण बसलं होतं, हे त्यातून कळत नाही. शिवाय एखादं अक्षर बदलून घेतलेल्या नकली डोमेनलाही 'पास' मिळतं, म्हणून पत्ता अक्षर-अक्षर वाचायचा.

आता स्वतःला विचारा, माझ्या नावाचा खोटा मेल गेला तर कोणाचे पैसे बुडतील का? बिल, बँक खात्याचा नंबर, करार यांवर सही करा. बाकी सोडून द्या.

थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी या सहीच्या पद्धतीची सोय आतच आहे. 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' उघडून नवी किल्ली तयार करा. तिची प्रत पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. प्रत्येक मेलवर आपोआप सही करण्याचा पर्याय बंदच असू द्या, हवी तेव्हा मेल लिहिताना करता येते. मग समोरच्याला तुमची सार्वजनिक किल्ली, म्हणजे सही तपासायला लागणारी जोडकिल्ली, पाठवा आणि फोन करून तिचा चाळीस अक्षरांचा ठसा वाचून दाखवा. कंटाळवाणं काम आहे, पण हे टाळलं तर किल्ली तुमचीच कशावरून?

एक खोच लक्षात ठेवा. सही मजकुरावर असते. विषयाची ओळ आणि कोणाला पाठवलं ते तिच्यात येईलच, असा भरवसा नाही. "हो, मंजूर आहे, पैसे पाठवा" एवढंच लिहून सही केलीत, तर ती कोऱ्या कागदावरची सही झाली. तोच मजकूर उद्या दुसऱ्या विषयाखाली फिरवता येतो. म्हणून घेणाऱ्याचं नाव, तारीख, रक्कम, बिल क्रमांक आतच लिहा. आणि रागाच्या भरात लिहिलेल्या मेलवर चुकूनही सही नको, तो पुढे कोणालाही पुराव्यासह दाखवता येतो.

घरच्या घरी केलेली ही किल्ली ओळखीच्या माणसांत चालते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खालची डिजिटल सही हवी, तर परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. प्राप्तिकर विवरणपत्र किंवा ई-निविदेसाठी वापरतात तो डीएससीचा डोंगल याच जातीचा. तो मेलला वापरायचा असेल, तर प्रमाणपत्र मेलसाठी दिलेलं आणि त्यावर तुमचाच मेल पत्ता असलेलं हवं. (बऱ्याच जणांचा डोंगल पिनसकट सीएच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. मग ती सही नेमकी कोणाची, ते ज्याचं त्याने ठरवावं.)

आणि "आमचं बँक खातं बदललं आहे" असा मेल आला, तर सही खरी निघाली तरी फोन कराच. नंबर त्या मेलमधला नको, तुमच्याकडे आधीपासून असलेला लावा.